हातभर कोरी भिंत

आमच्या काकांना एका जागी थांबता येत नसे. जेवण ते स्वयंपाकघरात फेऱ्या मारत जेवत, पेपर जिन्यात उभ्यानं वाचत, आणि कुणाशी बोलत असले की बोटांची पेरं भिंतीवर आपटत आपटत पुढे सरकत राहत. दिवाणखान्यात सुरू झालेली गोष्ट बहुतेक वेळा मागच्या दाराशी संपायची, आणि ऐकणाऱ्याला त्यांच्या मागे मागे घरभर हिंडावं लागायचं. असा हा भिंगरी लागलेला माणूस दर रविवारी दुपारी लंडनच्या पिनर भागातल्या एका घरासमोरच्या फुटपाथवर, जांभळ्या फुलांच्या लायलॅकच्या झाडाखाली, अगदी निश्चल उभा राहायचा. ऊन असो, भुरभूर असो. कुत्री फिरवायला निघालेल्या शेजाऱ्यांना त्यांची इतकी सवय झाली होती की ते जाता जाता 'गुड आफ्टरनून' म्हणत आणि काका टोपीला हात लावत.

ते घर काकांचं नव्हतं. त्या घरावर काकांचा बोजा होता.

मी काकांची भाडेकरू. पुण्याहून आले, हॅरोमधल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात घरांच्या खरेदी-विक्रीचे कागद बघायची नोकरी लागली, आणि कुणीतरी सांगितलं की पिनरला एक मराठी जोडपं वरची खोली भाड्यानं देतंय. दार काकूंनी उघडलं. उंबऱ्याशी चौकटीवर एक बारीक पितळी नळी तिरकी ठोकलेली होती, तिला बोट लावून त्या म्हणाल्या, "ये, ये. चहात आलं चालतं ना?" हे दोघं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. तरुणपणी मुंबईहून इथे आलेले. त्यांच्यातली पुढची पिढी आता इंग्रजीतच बोलते, इंग्रजीतच भांडते. पण या दोघांचं मराठी मात्र निघाले तेव्हा जसं होतं तसंच राहिलं होतं. काका अजून हॉस्पिटलला इस्पितळ म्हणायचे, आणि लंडनला यायला निघाले ती गोष्ट सांगताना 'आगबोट' हा शब्द असा उच्चारायचे की ती अजून धक्क्याला लागलेली आहे असं वाटावं.

धंद्यानं ते बिल्डर. मुंबईत बिल्डर म्हटलं की जो पोटाचा घेर आणि जो मोटारींचा ताफा डोळ्यांसमोर येतो, तो इथे आणू नये. इथला बिल्डर म्हणजे एक व्हॅन, दोन-तीन कारागीर आणि गुडघ्यांना पॅड बांधलेला मालक. काकांनी जन्मभर लोकांच्या घरांना खोल्या जोडल्या. कुणाला मागे स्वयंपाकघर वाढवून दिलं, कुणाला माळ्यावर पोरांसाठी खोली काढून दिली. घरांबद्दल ते माणसांसारखं बोलत. ओलं प्लॅस्टर इथे गडद गुलाबी असतं आणि वाळत जाईल तसं फिकट होत जातं. काका म्हणायचे, भिंत जागी होतेय, तिच्याजवळ मोठ्यानं बोलू नये. काकू सांगायच्या की खोली वाळत असताना हे कारागिरांना रेडिओसुद्धा लावू द्यायचे नाहीत, आणि संध्याकाळी सगळे गेले की एकटेच मधोमध उभे राहून भिंतींचा रंग उतरताना बघत बसायचे. त्या 'बसायचे' म्हणायच्या आणि मग स्वतःच हसायच्या, कारण बसणं हा प्रकार त्या माणसात नव्हताच.

आणि प्रत्येक खोलीत, दाराच्या अगदी समोरच्या भिंतीवर, काका एक चौकोन कोरा सोडत. हातभर लांब, हातभर रुंद. म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत जो आपला जुना हात, तोच. तिथे प्लॅस्टर नाही, रंग नाही, नुसत्या विटा.

"दोन हजार वर्षांपूर्वी आमचं मोठं मंदिर पडलं ना," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं, "तेव्हापासून आमच्यात चाल आहे. घर बांधलं की एक तुकडा अपुरा ठेवायचा. घरात शिरल्याबरोबर दिसला पाहिजे."

"पण ते तुमच्या घरात ना काका? गिऱ्हाइकाच्या घरात कशाला?"

"अगं, मंदिर पडलं ते काय माझ्या एकट्याच्या अंगावर पडलं?"

गिऱ्हाइकांना ते कामाच्या पहिल्या दिवशीच चौकोनाची कल्पना देत. बहुतेकांना गंमत वाटायची. काही जण नंतर तिथे चित्र टांगत, कुणी स्वतः लिंपून टाकत, आणि काकांची त्याला हरकत नसे. त्यांचं म्हणणं एवढंच, की माझ्या हातानं मी तो भरणार नाही.

एका गिऱ्हाइकाला मात्र ती थट्टा वाटली, आणि तिथेच सगळं बिनसलं.

हे गिऱ्हाईक म्हणजे लायलॅकच्या झाडासमोरच्या घराचे मालक. मराठीच, आयटीतले, नीटनेटके, चपला रॅकवर एका रेषेत लावणारे गृहस्थ. काका त्यांना शेवटपर्यंत 'साहेब' म्हणत आले, तेव्हा आपणही साहेबच म्हणू. त्यांच्या पत्नीला मी मावशी म्हणते. त्यांना घराच्या कुशीला एक खोली वाढवून हवी होती, मागे बागेकडे सगळी काच असलेली. त्या वर्षी काकूंचं हृदयाचं दुखणं सुरू झालं होतं, त्यांना घरी एकटं ठेवायची काकांना भीती वाटायची, म्हणून हा माणूस बायकोला रोज कामावर घेऊन जायचा. विटांच्या ढिगाशेजारी काकू शाल पांघरून खुर्चीत बसायच्या. मावशींनी त्यांना आत बोलावलं, चहा दिला, मग जेवायला थांबवून घेतलं. खोली उभी राहिली तोवर दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी झाल्या होत्या.

त्या खोलीत रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला नकाशात खिडकी नव्हती, कपाट होतं. काकूंनीच हट्ट धरला की इकडेही एक खिडकी हवी. "छोटीशी. दोन पुस्तकं उघडून ठेवली तर झाकेल एवढी." काका कुरकुरले, रस्ता काय बघायचाय म्हणाले, पण मावशी काकूंच्या बाजूला गेल्या आणि कपाट दुसरीकडे सरकलं. काचेचा एक तुकडा काकांकडे कधीचा पडून होता, तो त्यांनी तिथे बसवला. बाहेरून बघितलं की त्यात आरपार काही दिसायचं नाही, समोरचं आभाळ तेवढं दिसायचं.

काम संपलं आणि साहेब टेप घेऊन खोली तपासायला आले. दाराच्या समोर विटांचा चौकोन.

"हे राहिलंय," साहेब म्हणाले.

"राहिलेलं नाही. ठेवलंय. पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"ते मी सीरियसली घेतलं नव्हतं. पूर्ण करा, फायनल बिल लगेच देतो."

"पूर्ण आहे हे."

दहा मिनिटांचं काम होतं. सगळ्यांनी काकांना सांगितलं, कारागिरांनीसुद्धा. काका हटले नाहीत. साहेबांनाही दोन शब्द सोडून देता आले असते, तेही हटले नाहीत. दोन मराठी माणसं परदेशात भेटली की एकमेकांना धरून राहतात म्हणतात. हे दोघे एका चौकोनाची दोन टोकं धरून राहिले. साहेबांनी शेवटचं बिल, जे सगळ्यात मोठं होतं, पूर्ण अडवून ठेवलं. कारागिरांचे पैसे द्यायला काकांनी व्हॅन विकली आणि धंद्याला कुलूप लावलं. वरची खोली भाड्यानं द्यायची वेळ आली ती त्यामुळेच. म्हणजे माझ्या डोक्यावर छप्पर आलं ते त्या चौकोनाच्या कृपेनं.

प्रकरण कोर्टात गेलं. न्यायाधीशांनी फोटो बघितले, दोघांचं ऐकलं आणि चौकोन लिंपायला जो काही किरकोळ खर्च येईल तेवढा बिलातून वजा करून बाकी सगळे पैसे द्या म्हणून सांगितलं. काका खूश. "कोर्टानं चौकोनाला वेगळी किंमत लावली. म्हणजे मान्य केला!" साहेबांनी ह्यातलं काहीच मान्य केलं नाही. त्याच हिवाळ्यात त्यांची नोकरी गेली, आणि आता पैसे नव्हतेच. असते तरी त्यांनी दिले नसते असं मला वाटतं.

तेव्हा काकांच्या सॉलिसिटरनं त्यांना बोजाचा रस्ता दाखवला. काही देशांत म्हणे बिल थकलं की बांधणारा थेट घरावरच हक्क सांगतो. इथे तसं नाही. आधी कोर्टातून निकाल मिळवायचा, तरीही पैसे आले नाहीत तर पुन्हा कोर्टात जाऊन म्हणायचं की ह्यांच्या घरावर माझं येणं चढवा. कोर्टानं मानलं की घराच्या नोंदीत तुमचं नाव लागतं. सातबाऱ्यावर बोजा चढतो तसंच. घरमालक राहतो, झोपतो, गुलाब लावतो, त्याला कुणी काही म्हणत नाही. पण ज्या दिवशी तो घर विकायला काढेल त्या दिवशी विकत घेणाऱ्याच्या वकिलाला ती नोंद दिसते, आणि विक्रीच्या पैशातून आधी बँकेचं कर्ज आणि मग तुमचं देणं फेडल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही. मी रोज ऑफिसात अशा नोंदी बघते. घर बोलत नाही, पण कुणाकुणाचं देणं लागतं ते विसरत नाही.

सॉलिसिटर असंही म्हणाला की कोर्टाकडे घर विकायचीच ऑर्डर मागता येईल. मिळेलच असं नाही, पण मागता येईल. काका त्याच्या ऑफिसातून उठून चालायला लागले. "लोकांना घरं दिली जन्मभर," ते काकूंना म्हणाले, "आता काढून घ्यायला जाऊ?"

बोजा चढला आणि काकांचा नवा नियम सुरू झाला. आपलं येणं ज्याच्याकडे आहे त्याच्या घरात पाऊल टाकायचं नाही. तारण मागायला गेलं तरी बाहेर उभं राहायचं, आतून तो आणून देईल ते घ्यायचं, ही त्यांच्यातली जुनी शिकवण. आता बोजा काही कुणी बाहेर आणून देणार नव्हतं, पण नियम तो नियम. शिवाय देणेकऱ्याच्या घरचं काही खायचं-प्यायचं नाही, कारण ते व्याज होतं, आणि आपल्या माणसाकडून व्याज घ्यायचं नाही. कोर्टानं दिलेलं व्याजसुद्धा त्यांनी लेखी सोडून दिलं. 'आपल्या माणसा'त मराठी बोलणारे सगळे येतात असा निर्णय त्यांनी स्वतःच देऊन टाकला होता.

"आणि मी?" काकू म्हणाल्या. "माझी मैत्रीण आहे ती."

काकांनी घरभर फेऱ्या मारल्या, जिना चढले, उतरले आणि म्हणाले, "बोजा माझ्या नावावर आहे. तू जा."

"लग्नानंतर ह्यांनी पहिल्यांदा काहीतरी एकट्याच्या नावावर केलं," काकू मला म्हणाल्या, "तर ते हे!"

तर अशा रीतीनं त्या रविवारांना सुरुवात झाली. मी राहायला आले तोवर त्यांचा रिवाज पक्का झालेला होता. शनिवारी त्यांचा सब्बाथ, गाडीला हात न लावायचा विसाव्याचा दिवस, त्यामुळे गाडी काढायची ती रविवारी. काका काकूंना त्या घरापाशी घेऊन जात, हात धरून फाटकापर्यंत सोडत आणि रस्ता ओलांडून लायलॅकखाली जाऊन उभे राहत. आत दोघी त्या काचेच्या खोलीत बसून गप्पा मारत. साहेब वर आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेत. काकू कधी गव्हाच्या चिकाचा हलवा घेऊन जायच्या, नारळाच्या दुधातला, वेलदोडा घातलेला. देणं चालतं, घेणं चालत नाही, त्यामुळे मावशींचा चकलीचा डबा मात्र फाटकापर्यंत येऊन परत जायचा. थंडीत एकदा मावशी वाफाळता चहा घेऊन रस्ता ओलांडून आल्या.

"अहो, निदान हा तरी घ्या. काकडून जाल."

"व्याज होईल, वहिनी."

"चहाचं कसलं व्याज?"

"आज चहा घेतला, उद्या बिस्कीट घेईन," काका म्हणाले. "माणसाचा काय भरवसा?"

मी कधी कधी त्यांच्याबरोबर जायची आणि गाडीत बसून राहायची. त्या दुपारी मला अजून स्वप्नात दिसतात. पिनरचा रविवार एरवीही अर्धवट झोपेतच असतो. लांबून कुठून तरी ट्रेन गेल्याचा आवाज, कुणाच्या तरी बागेत गवत कापायचं यंत्र, आणि लायलॅकखाली ते उंच, किंचित वाकलेले गृहस्थ, टोपी घातलेले, हात मागे बांधलेले. मे महिन्यात फुलांचे घोस त्यांच्या खांद्याला लागायचे. ते त्या घराकडे बघत असायचे, आणि हळूहळू मलाही ते घर श्वास घेतंय असं वाटायला लागायचं. मग दार उघडायचं, काकू बाहेर यायच्या, आणि परतीच्या वाटेवर काका ठरल्यासारखं सांगायचे, "आज खिडकीत ढग फार सुंदर दिसत होते. चांगली बसलीय ती खिडकी."

काकू मागच्या सीटवर बसून हसायच्या.

"तुम्हाला ती खोली एवढी का आवडते?" मी एकदा त्यांना विचारलं.

"ऊन छान येतं," त्या म्हणाल्या.

काकू गेल्या तो हिवाळा होता. झोपेतच गेल्या. दफनाला त्यांच्या समाजातली मोजकी माणसं होती, आणि सगळ्यांच्या मागे, एका झाडापाशी, साहेब. त्यांनी काळी टाय लावली होती. ते पुढे आले नाहीत आणि काका मागे गेले नाहीत, पण मातीची मूठ टाकून वळताना काकांनी त्यांच्याकडे बघून टोपीला हात लावला, हे मी पाहिलं.

दुःखाच्या घरी पहिलं जेवण बाहेरच्यांनी आणायचं असतं. मावशी खिचडी घेऊन आल्या. काकांनी ती मला वाढून दिली आणि स्वतः शेजारणीनं आणलेलं रिवाजाचं उकडलेलं अंडं खाल्लं. मावशींचा बांध फुटला. "आता तरी हे सोडा हो! ती गेली. आता कसलं व्याज आणि कसलं काय!"

"आता तर नाहीच, वहिनी," काका म्हणाले. "आता नियम मोडला तर ती मला हसेल. जन्मभर मोडायला सांगत होती, तेव्हा नाही मोडला."

मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला.

पुढे ते दर रविवारी तसेच जात राहिले. आता गाडी मी चालवायची. आत कुणी जायचं नाही, मग कुणी बाहेर यायची वाट तरी कशाला बघायची? पण ते लायलॅकखाली उभे राहत. मावशी दारात येत, हात वर करत, काकाही हात वर करत, आणि दार लागायचं. एका रविवारी गाडीत बसल्यावर ते समोर बघत म्हणाले, "पोरी, एकदा त्या खोलीत बसायचंय मला. ती बसायची तिथे."

बसायचंय म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

"मग बोजा काढून टाका," मी म्हटलं. "पैसे सोडा. एक फॉर्म भरायचा असतो, मी भरून देते."

त्यांनी बराच वेळ डॅशबोर्डवर बोटं वाजवली. "पैसे लागतात मला, नाही असं नाही. पण समज सोडले. साहेब मला कधी आत घेतील? फेडलेलं देणं विसरतं माणूस. माफ केलेलं नाही विसरत."

म्हणून आम्ही थांबलो. बोजा थांबलेलाच असतो, त्याला काही जेवावं-झोपावं लागत नाही. पण काका थकत चालले होते. लायलॅकखाली ते आता खोडाला टेकून उभे राहायला लागले, आणि आधी कोण संपतं, येणं की येणं असलेला माणूस, ह्याची मला धास्ती वाटायला लागली.

आणि मग एका रविवारी त्या घराच्या कुंपणात विक्रीची पाटी दिसली. साहेब-मावशी मिल्टन कीन्सला लेकीजवळ राहायला चालले होते. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. आता नोंद दिसणार, देणं फिटणार, काका आत जाणार! रात्री जेवताना मी त्यांना सगळं समजावून सांगायला लागले, आणि सांगता सांगता माझाच आवाज बारीक झाला. कारण मी हेच काम करते. मला माहीत होतं की बोजाचे पैसे विक्रीच्या पैशांतून येतात. आणि ज्या दिवशी विक्रीचे पैसे येतात, त्याच दिवशी घर दुसऱ्याचं होतं.

काकांनाही ते कळलं होतं. फेऱ्या मारता मारता ते थांबले. "म्हणजे बोजा असेपर्यंत जायचं नाही, आणि बोजा उतरला की घर परक्याचं."

"हो."

"छान," ते म्हणाले, आणि ताट तसंच ठेवून वर गेले.

मी मावशींना फोन केला. काय मागायचं तेच मला नीट माहीत नव्हतं. मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मी ह्यांच्याशी बोलते." 'ह्यांच्याशी' म्हणजे साहेबांशी. मला काही आशा वाटली नाही.

कम्प्लीशनचा, म्हणजे पैसे चुकते होऊन घराचा ताबा बदलायचा, दिवस उजाडला. मी ऑफिसातून रजा घेतली होती. आम्ही सकाळीच जाऊन लायलॅकखाली उभे राहिलो. समोर रिमूव्हल व्हॅन लागली होती आणि माणसं एकेक वस्तू बाहेर आणत होती, सोफा, गुंडाळलेला गालिचा, चपलांचं रॅक. दुपारी काकांच्या सॉलिसिटरचा फोन आला. पैसे जमा झाले होते. काकांनी मला ते पुन्हा एकदा विचारायला लावलं. जमा झालेत, तो म्हणाला, पूर्ण.

काका हलले नाहीत. "आता घर त्यांचं नाही," ते म्हणाले. "कुणाला विचारून जाऊ?"

तेवढ्यात साहेब फाटकातून बाहेर आले. केस पांढरे झाले होते. त्यांनी दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला आणि काकांसमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत दोघांत एक शब्द झाला नव्हता.

"नवीन मालकांना फोन केला होता," साहेब म्हणाले. "ते संध्याकाळी येणार आहेत. तोपर्यंत तुम्ही आत गेलात तर चालेल म्हणालेत." मग घराकडे वळून बघत, "आता हे तुमचंही नाही आणि माझंही नाही. चला."

काकांनी मातीचे बूट फाटकापाशी झटकले. उंबऱ्यावर त्यांचा पाय क्षणभर अडखळला. रिकामं घर फार मोठं वाटत होतं, भिंतींवर जिथे चित्रं होती तिथे फिकट चौकोन उमटलेले होते. आम्ही खोलीच्या दाराशी आलो आणि समोर तो दिसला. हातभर, विटांचा, जसाच्या तसा.

"लिंपला नाहीत?" काका म्हणाले.

"आधी पुरावा म्हणून ठेवला," साहेब म्हणाले. "मग सवय झाली. परवा ते नवीन लोक विचारत होते, बिल्डर हे करायचं विसरला का? मी म्हटलं, नाही. तो असाच असतो." एवढं बोलून ते खोकले आणि व्हॅनकडे बघायला म्हणून निघून गेले.

खोलीत एकच खुर्ची उरली होती. मावशी तिच्यामागे उभ्या होत्या. "ही शेवटी न्या म्हणून सांगितलं मी त्यांना," त्या म्हणाल्या.

बागेकडची ती सगळी काच, बाहेर नासपतीचं झाड, उतरतं ऊन. पण खुर्ची बागेकडे पाठ करून ठेवलेली होती.

"ही अशी कशी ठेवली?" काकांनी विचारलं. "ऊन तिकडे आहे."

"त्या अशाच बसायच्या. बागेकडे तोंड करून कधी बसल्याच नाहीत. आल्या की पहिल्यांदा खुर्ची फिरवून घ्यायच्या."

खुर्चीसमोर ती छोटी खिडकी होती, दोन पुस्तकांएवढी. आणि तिच्यात, चौकटीत बरोबर मावलेलं, रस्त्यापलीकडचं लायलॅकचं झाड.

"मी म्हणायची, अहो, घरी बघताच की त्यांना," मावशी म्हणाल्या. "तर म्हणायच्या, घरी हे एका जागी थांबतात कुठे? इथे निवांत बघायला मिळतात."

काकांनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला. मग हळूच, खुर्ची मोडेल की काय अशा बेतानं, ते बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना असं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला भरून आलं आणि ते लपवावं असंही वाटलं नाही.

"पोरी," मागे न बघता ते म्हणाले, "जरा तिथे जाऊन उभी राहतेस?"

मी बाहेर पडले, फाटक उघडलं, रस्ता ओलांडला आणि लायलॅकखाली उभी राहिले. झाडाच्या खोडाला त्यांच्या खांद्याच्या उंचीवर साल गुळगुळीत झाली होती. मी हात मागे बांधले आणि खिडकीकडे बघितलं. मला तिच्यात फक्त ढग दिसत होते.

दार उघडेपर्यंत मी हलले नाही.